कारखान्याचा एसी आणि कोकणातला खारा वारा

कोकणातल्या कारखान्यात एसी बंद पडला की बोट आधी उन्हाकडे जातं. पण नुसत्या उन्हाचं म्हणाल, तर ते विदर्भाच्या पासंगालाही पुरत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, रत्नागिरीत तो ३३-३४ च्या आसपास घुटमळतो. तरीही तिकडे वर्षानुवर्षं चालणारं आउटडोअर युनिट इकडे बंदराजवळ बसवलं, की दोन-तीन पावसाळ्यांत त्याची रया जाते. कॉइलच्या जाळीला पांढरी भुकटी धरते, पत्रा फुगतो आणि दर काही महिन्यांनी गॅस भरायला माणूस बोलवावा लागतो. हे काम उन्हाचं नाही. हवेतल्या पाण्याचं आणि त्या पाण्यातल्या मिठाचं आहे. म्हणून इथे औद्योगिक एसी निवडताना 'किती टन?' हा प्रश्न तिसरा येतो. हवेतून पाणी किती काढायचंय हा पहिला, आणि यंत्र कोणत्या धातूचं आहे हा दुसरा.

कारखान्यातला एसी बहुतेक ठिकाणी माणसांसाठी नसतोच. कंट्रोल रूम, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हची पॅनल्स, प्रयोगशाळा, सर्व्हर, क्रेनची केबिन, औषधांचं किंवा काजूगराचं पॅकिंग, अशा ठिकाणी तो लागतो. या यंत्राचा जन्मही असाच झाला. विलिस कॅरिअर या अमेरिकी इंजिनिअरने १९०२ मध्ये पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगायचा, मग आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नसत. मालकाला हवा कोरडी हवी होती. गारवा त्याबरोबर आला.

आता कोकणातला हिशेब करू. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफ होऊन राहिलेलं असतं. कंट्रोल रूममध्ये २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता ठेवायची, तर तेवढ्याच हवेत साधारण ११ ग्रॅम चालतं. म्हणजे आत येणाऱ्या दर घनमीटर हवेतून १५ ग्रॅम पाणी काढायला हवं. १२ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच खोली घ्या. दारं-फटींतून आणि मुद्दाम आणलेली मिळून तासाला एकदा खोलीभर ताजी हवा बदलली, तर तासाला साडेसात लिटर पाणी. दिवसाला १८० लिटर! या पाण्यासाठीच सुमारे ५ किलोवॉट, म्हणजे दीड टन क्षमता खर्ची पडते. यात माणसं, दिवे, यंत्रं यांची उष्णता अजून धरलेलीच नाही.

टन हे माप मुळात बर्फाचं आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. किलोवॉटमध्ये साधारण साडेतीन. बंदरावर बोटीत बर्फ भरणाऱ्याला हे माप वातानुकूलनाच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगेल.

इथे एक चूक सर्रास होते. खोली दमट वाटते म्हणून गरजेपेक्षा मोठा एसी बसवतात. मोठा एसी खोली झटक्यात २४ अंशांवर आणतो, थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो, पंखा मात्र फिरत राहतो. गार कॉइलवर जमलेलं पाणी ट्रेमध्ये उतरायच्या आधीच पुन्हा वाफ होऊन खोलीत परततं. काटा २४ दाखवतो आणि आतली कागदपत्रं मऊच राहतात. हवेतून पाणी निथळायला कॉइल सलग आणि पुरेशी गार चालावी लागते. त्यासाठी कोकणात मोठ्या कंट्रोल रूमची हवा आधी १२-१३ अंशांपर्यंत गार करून पाणी काढतात आणि मग ती थोडी गरम करून आत सोडतात. आधी गार करायचं, मग गरम करायचं, हा वेडेपणा वाटतो आणि त्यात वीजही जाते. पण कॉम्प्रेसरने बाहेर टाकलेली उष्णताच त्यासाठी वापरली तर वेगळा हीटर लागत नाही. औषधाच्या गोळ्या किंवा काजूगर यांच्या पॅकिंगला याहूनही कोरडी हवा हवी असते, नाहीतर गोळी ओल धरते आणि गर मऊ पडतो. तिथे सिलिका जेलचं फिरतं चाक वापरतात. चाकाचा एक भाग हवेतली ओल शोषतो, दुसरा भाग गरम हवेने वाळवला जातो. कारखान्यात वाया जाणारी वाफ असेल तर हे चाक परवडतं.

पॅनल २० अंशांवर ठेवू नका

छोट्या यंत्राचा मोठा गोंधळ इथे होतो. ड्राइव्हच्या पॅनलला दारावर बसवायचा छोटा एसी मिळतो. १०० किलोवॉटच्या मोटरचा ड्राइव्ह पूर्ण भारावर सुमारे ३ किलोवॉट उष्णता पॅनलमध्येच सोडतो, तेव्हा तो लागतोच. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. हे ऐकलं की कोणीतरी हुशारी करून तो एसी २० अंशांवर लावतो.

पावसाळ्यात कोकणातल्या हवेचा दवबिंदू २४ ते २६ अंशांच्या आसपास असतो. याचा अर्थ, त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ही हवा पाणी सोडते. आतली पट्टी, टर्मिनल, कार्ड (म्हणजे सर्किट बोर्ड) सगळं २० अंशांवर आहे आणि इलेक्ट्रिशियनने काही बघायला दार उघडलं, तर बाहेरची हवा आत शिरते आणि मिनिटाभरात जिवंत बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, दव धरतं. पुढचं सांगायला नको. पॅनल एसी बनवणारे साधारण ३५ अंशांवर ठेवा म्हणतात ते याचसाठी. कार्डाला ३५ अंश चालतात, पाण्याचा थेंब चालत नाही.

आणि दार बंद असलं तरी केबल आत शिरते ती तळाची फट उघडीच असते. जमिनीखालच्या केबल खंदकातून ओली हवा तिथून वर चढत राहते. पॅनल एसीखाली सतत पाणी ठिबकतंय अशी तक्रार आली की मी आधी बॅटरी घेऊन तळाशी बघायला सांगतो. फट बुजवायला लागणारा लगदा थोडक्या पैशांत येतो. दार उघडलं की एसी आपोआप बंद करणारा स्विच बसवला नसेल तर तोही बसवावा.

मीठ

समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्यावर येतात. त्यातलं पाणी उडतं आणि मिठाचे कण पुढे जातात. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचं प्रमाण झपाट्याने घटतं, पण वारा जोराचा आणि मध्ये आडोसा नसेल तर ते आतपर्यंत पोचतात. खाडीच्या मुखाने येणाऱ्या वाऱ्यालाही हीच खोड.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तळाला पाणी सुटतं, तेच एसीच्या कॉइलवर होतं. खाण्याचं शुद्ध मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांवरच ओलं होतं. म्हणून पाऊस नसलेल्या दिवशीही किनाऱ्याजवळच्या पत्र्यावर पाण्याचा अदृश्य थर असतो, आणि तो खारट असतो. गंजाला लागतं ते सगळं तिथे हजर.

एसीची कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्यावर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, ज्यांना सगळे फिन्स म्हणतात. खारं पाणी आणि एकमेकांना टेकलेले दोन वेगळे धातू, म्हणजे आयती बॅटरीच. तांबं शाबूत राहतं आणि ॲल्युमिनियम झिजतं. ते झिजायची सुरुवात होते तीच जागा सगळ्यात वाईट आहे. प्रत्येक फिनला नळीभोवती एक बारीक कॉलर असते आणि नळीची उष्णता त्या कॉलरमधून फिनमध्ये जाते. खारट ओल नेमकी तिथे साचते. कॉलर आणि नळी यांच्यात पांढऱ्या भुकटीचा थर तयार होतो आणि उष्णतेचा रस्ता तुटतो. बाहेरून बघणाऱ्याला जाळी धडधाकट दिसते, हात लावला तर फिन गार आणि नळी तापलेली. गॅस पूर्ण, कॉम्प्रेसर ठीक, तरी युनिट हाय प्रेशरवर ट्रिप होतं. अशा वेळी दुसऱ्यांदा गॅस भरणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा.

यावरचे उपाय महागाच्या क्रमाने सांगतो. बाजारात 'ब्लू फिन' म्हणून विकली जाते ती निळी किंवा सोनेरी फिन. तिच्यावर पातळ लेप असतो, पण तो पट्ट्या कापायच्या आणि भोकं पाडायच्या आधी दिलेला असतो. म्हणजे कापलेली कड आणि भोकाची कड उघडी, आणि तांब्याचा स्पर्श तिथेच. घरगुती एसीला ठीक आहे, पण बंदरावरच्या कारखान्याला हा लेप दाखवून 'कोस्टल मॉडेल' विकणं ही मला तरी बनवाबनवी वाटते. त्याहून चांगलं म्हणजे तयार झालेली अख्खी कॉइल विजेच्या हौदात बुडवून दिलेला इपॉक्सीचा लेप. तो कॉलरच्या सांध्यापर्यंत पोचतो. गारवा किंचित कमी होतो, आणि उन्हाने हा लेप खडूसारखा सुटतो, म्हणून त्यावर ऊन सोसणारा दुसरा लेप हवाच. तिसरा मार्ग म्हणजे फिन्सही तांब्याच्याच. दोन धातूच नाहीत, तर बॅटरीही नाही. वजन वाढतं, किंमत वाढते, पण समुद्रातल्या तेल-फलाटांवर आणि जहाजांवर हेच चालतं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रासारख्या ठिकाणी दुसऱ्यांदा कॉइल बदलायची म्हणजे बोट किंवा हेलिकॉप्टर, तिथे वरचे पैसे कोणी मोजत नाही.

पण तांब्याच्या फिन्स सगळीकडे चालतील असंही नाही. थळच्या खत कारखान्यात अमोनिया तयार होतो, आणि हवेत ओल असताना अमोनिया तांब्या-पितळेला खातो. बर्फाच्या कारखान्यांत अमोनियाच्या नळ्या लोखंडी असतात, त्याचं कारण हेच. म्हणजे जिथे मीठ आहे तिथे ॲल्युमिनियम नको, जिथे अमोनिया आहे तिथे तांबं नको, आणि दोन्ही असेल तिथे जाड लेप दिलेली कॉइल घेऊन तिच्यावर डोळा ठेवायचा.

नट-बोल्टचं थोडक्यात. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील किनाऱ्यावर चहाच्या रंगाचे डाग धरतं, ३१६ त्यापेक्षा बरंच टिकतं. साध्या लोखंडाचं काय होतं ते आंतरराष्ट्रीय मापात लिहिलेलं आहे. फार गंज चढवणाऱ्या, म्हणजे सी-५ वर्गाच्या हवेत उघडं लोखंड पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, आणि त्याच्या वरच्या, म्हणजे भर समुद्रातल्यासारख्या हवेत ७०० पर्यंत. पाव मिलिमीटर म्हणजे २५० मायक्रॉन, हे डोक्यात ठेवून स्टँडचा पत्रा निवडा.

छप्पर घालायचं की नाही

आउटडोअर युनिटला पावसापासून वाचवायला पत्र्याची शेड करायची इथली हौस फार. मी तिच्या विरोधात आहे. पाऊस हा किनाऱ्यावरचा फुकटचा धुणारा आहे. जिथे पाऊस पोचत नाही पण खारा वारा पोचतो, अशा वळचणीखाली मीठ साचतच जातं, आणि उघड्यावरच्यापेक्षा तिथे गंज जास्त चढतो. शेडमुळे गरम हवा अडते आणि परत युनिटमध्येच शिरते, तो भाग निराळा. युनिट उघड्यावर, पण इमारतीच्या समुद्राच्या विरुद्ध बाजूला असावं. विजेचा डबा मात्र पावसाच्या धारेला तोंड देणारा हवा, धूळ-पाणी रोखण्याच्या मापात किमान आयपी ५५ दर्जाचा.

पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत धुणं आपलं. पंधरा-वीस दिवसांनी गोड्या पाण्याने, साध्या नळीने, वरून खाली. कार धुण्याचा प्रेशर पंप लावला तर फिन्स मुडपतात आणि हवा जायचा रस्ताच बंद होतो. फेसाळणारं ॲसिडचं केमिकल चकाचक करतं आणि लेपही घेऊन जातं. आणि कृपा करून खाजणाजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका. मिठाने मीठ धुण्याचा हा उद्योग मी कोकणात फक्त पाण्याच्या टंचाईमुळे होताना पाहिलाय, पण त्यापेक्षा न धुतलेलं बरं.

जिथे हवेतच गॅस आहे

लोटे-परशुराम, महाड, रोहा या रासायनिक वसाहतींत प्रश्न बदलतो. सल्फरचे वायू, क्लोरीन, आम्लांच्या वाफा नाकाला जाणवण्याच्या आतच इलेक्ट्रॉनिक्सला जाणवतात. १ जुलै २००६ पासून युरोपात शिसं घातलेल्या डाखावर बंदी आली आणि जगभरच्या कार्डांवर शिशाऐवजी चांदीचे लेप वाढले. चांदी आणि सल्फर यांचं वैर जुनं आहे, देवघरातली चांदीची निरंजनं काळी पडतात तेच. कार्डावर तो काळा थर रांगत जाऊन दोन रेषा जोडतो आणि कधीतरी मध्यरात्री प्लांट ट्रिप होतो.

हवा किती वाईट आहे ते मोजायची पद्धत फार साधी आहे. तांब्याची आणि चांदीची स्वच्छ पट्टी खोलीत ३० दिवस टांगायची आणि तिच्यावर चढलेल्या थराची जाडी प्रयोगशाळेत मोजून घ्यायची. तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर खोली ठीक, २००० च्या वर गेली तर तिथे साधं कार्ड ठेवूच नये. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तेव्हा डोळ्यांना पट्टी जरा मळकट दिसेल इतकंच.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्रच चालतात. खोलीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवायचा, साधारण २५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या अडीच मिलिमीटर स्तंभाएवढा. दार उघडलं तर हवा बाहेर जाते, गॅस आत येत नाही. आणि दाबासाठी जी ताजी हवा घ्यायची ती रासायनिक गाळणीतून घ्यायची. साधा सक्रिय कोळसा हायड्रोजन सल्फाइडला फारसा पकडत नाही. त्यासाठी ॲल्युमिनाच्या गोळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये भिजवलेल्या असतात. भरताना या गोळ्या गडद जांभळ्या, काम करून संपल्या की तपकिरी. गाळणीची पेटी उघडून एक गोळी मधोमध फोडून बघा. आत जांभळा ठिपका उरला असेल तर तिच्यात अजून थोडा जीव आहे.

इथे कोकण पुन्हा आडवं येतं. दाबासाठी जितकी बाहेरची हवा घ्याल, तितकं दर घनमीटरला १५ ग्रॅम पाणी आत येणार. म्हणून दाबाची खोली बांधताना आधी फटी बुजवायच्या, दुहेरी दार करायचं, आणि मग पंखा ठरवायचा. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. गळक्या खोलीला मोठा पंखा लावतात, पंखा वाफ ओढतो, एसी ती काढत बसतो आणि बिल मालक भरतो.

ज्वलनशील वायूचा परिसर असेल, तर प्रश्न आणखी वेगळा. साध्या एसीतला कॉन्टॅक्टर दर वेळी ठिणगी पाडतो. तिथे ज्वालारोधक पेटीतलं, त्या विभागासाठी प्रमाणित यंत्रच लागतं आणि भारतात त्याची मंजुरी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या सरकारी संस्थेकडून घ्यावी लागते. यात जुगाड नको.

खरंच तापतं तिथे

उन्हाचं इतका वेळ हसण्यावारी नेलं, पण धरमतर खाडीकाठच्या डोलवीसारख्या पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूवरून फिरणाऱ्या क्रेनची केबिन ही भट्टीच असते. भोवतालची हवा ५५-६० अंशांवर जाते, शिवाय खालून लोखंडाची धग थेट पत्र्यावर. घरच्या अनेक एसींत वापरला गेलेला आर-४१०ए गॅस ७१-७२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रवच होत नाही. आणि बाहेर ६० अंश असले की कॉइलमधला गॅस त्याच्या जवळ जाऊन पोचतो. आर-१३४ए साठी ही मर्यादा १०१ अंश आहे, दाबही निम्म्याहून कमी. म्हणून क्रेनच्या एसीत हाच गॅस जास्त दिसतो. त्याबदल्यात त्याच टनाला मोठा कॉम्प्रेसर लागतो. शिवाय क्रेनचे धक्के. सरळ तांब्याची नळी हादऱ्यांनी सांध्याला चिरते, म्हणून तिथे वळणारी होज आणि रबरी पाय.

जयगडसारख्या कोळशाच्या धक्क्यावर वेगळीच डोकेदुखी. काळी धूळ, मिठाची ओल आणि दाट फिन्स यांचा चिखल होऊन कॉइल बंद पडते. तिथे विरळ फिन्सची कॉइल घ्यावी. थोडी मोठी लागेल, पण नळीने धुता येईल.

कोटेशन मागवताना एक ओळ न विसरता घाला. कागदावरचे टन सहसा बाहेर ३५ अंश असताना मोजलेले असतात. ४६ अंशांवर हेच यंत्र किती देतं, तो आकडा वेगळा मागा, शिवाय त्यातला किती वाटा हवेतलं पाणी काढण्याचा आहे तेही. कॉइलवर कोणता लेप, तयार झाल्यावर दिला की आधी, आणि बोल्ट कोणत्या दर्जाचे, हे लेखी घ्या. चिपळूण-महाडच्या जुलै २०२१ च्या पुराची पातळी लक्षात ठेवून स्टँडची उंची ठरवा, आणि निसर्ग वादळ आठवून तो नुसता भिंतीवर न टांगता काँक्रीटला घट्ट बांधा. आणि हे सगळं मागवायच्या आधी ती तांब्याची पट्टी महिनाभर खोलीत टांगा. तिचा अहवाल हातात असला की विक्रेत्याला कॉइलवर 'कोस्टल' लिहून भागत नाही, लेपाचा प्रकार सांगावा लागतो.